तापीच्या पुलावरचे रिकामे गाळे

बुऱ्हाणपूरचा तापीवरचा नवा पूल मी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला आहे असं मी माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांना सांगितलं.

तेवढं सांगून गप्प बसलो असतो तर बिघडलं नसतं. न पाहिलेल्या काशीचं वर्णन करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या पाया पडणारेही पाहिले आहेत. माझं बिघडलं ते पुढच्या प्रश्नाला उत्तर दिल्यामुळे. मास्तराची खोड. प्रश्न आला की उत्तर गेलंच पाहिजे, ते खरं का खोटं हे मागाहून पाहता येतं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी देऊळघाटचा, पण नोकरीला मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यात, दोन खोल्यांच्या शाळेवर. लग्नाच्या बाबतीत माझी ख्याती बरी नव्हती. पहिल्या ठिकाणी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा 'काही विचारायचं असलं तर विचारा' असं मुलीचे वडील म्हणाले, म्हणून मी तिला क्रियापदाची व्याख्या विचारली. तिनं ती धडाधड सांगितली आणि उलट मलाच कर्मणी प्रयोगाचं उदाहरण विचारलं. माझं चुकलं. दुसऱ्या ठिकाणी मी चहाची बशी मुलीच्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर पालथी केली. हा अपघात होता हे सगळ्यांनी मान्य केलं असतं, पण तो एकाच बैठकीत दोनदा झाला.

म्हणून तिसऱ्या ठिकाणी, रोहिणखेडजवळच्या एका मळेवाल्याकडे निघताना वडिलांनी मला बजावलं, "हे तिसरं घर हाय. तोंड कमी चालवजो. आतां चवथ्या घरी मी काही येत नाही. तुह्या शाळेतल्या पोरायले घेऊन जाजो."

मी तोंड कमी चालवायचं ठरवूनच गेलो होतो. मुलगी आली, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसली. वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, सैपाक येते का?"

ती म्हणाली, "येते. वांग्याची भाजी तेवढी बिघडते."

आतून कोणी तरी जोरात खोकललं. ज्या घरात वांगी गाड्यांनी निघतात त्या घरातली मुलगी, स्वतःला पाहायला आलेल्या माणसांसमोर, न विचारता सांगते की वांगी बिघडतात. मी मान वर करून पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, पण घाबरून नव्हे. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. लग्न करायचं तर इथंच, असं मी त्या क्षणी ठरवलं. आता फक्त या घरानं तसं ठरवायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी मी थोडा वेळ गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं.

मुलगी आत गेली. बैठकीत राहिलो आम्ही चौघे: माझे वडील, मी, मुलीचे वडील आणि मुलीचा मामा. मुलीचे वडील उंच, सावळे, बोलायला अगदी काटकसरी. मिरची, वांगी, मेथी, सांबार असा त्यांचा बारमाही मळा होता. (सांबार म्हणजे आमच्या वऱ्हाडात कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. मी नेमक्या वेळी ठेवलं नाही.) माल ते मलकापूरला अडत्याच्या ओट्यावर टाकत आणि दरवेळी उदास होऊन परत येत. आपण पिकवलेलं आपल्या हातानं, आपण बसून विकावं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. मुलीचा मामा सरकारी रस्त्यांच्या कामावर मिस्त्री होता. त्याला घरातली माणसंही मिस्त्रीच म्हणत. तो तंबाखू मळत कोपऱ्यात बसला होता आणि आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता.

"मास्तर, कुठी कुठी फिरले तुमी?" सासऱ्यांनी विचारलं.

देऊळघाट, बुलढाणा, खामगाव एवढाच माझा भूगोल. तो फारच लहान वाटला म्हणून मी शेवटी "बुऱ्हाणपूर" जोडलं.

"बुऱ्हाणपूर? मंग तापीवरचा नवा पूल पाह्यला असन."

"हाव. पाह्यला ना."

मी बुऱ्हाणपूरला एकदा गेलो होतो हे खरं. एका मास्तर मित्राच्या लग्नाला. मलकापूरला रेल्वेत बसलो, भुसावळला गाडी बदलली, बुऱ्हाणपूरच्या ठेसनात उतरलो, टांग्यानं लग्नघरी गेलो, जिलब्या खाल्ल्या, पोट बिघडलं, दोन दिवस मागच्या खोलीत पडून राहिलो आणि आल्या वाटेनं परत आलो. ठेसन आणि गाव नदीच्या एकाच काठाला असल्यामुळे त्या पुलाची आणि माझी गाठ पडायचं कारणच नव्हतं. पण हे सगळं सांगण्यापेक्षा 'हाव' सोपं होतं.

सासरे पुढं सरकले. बुऱ्हाणपूर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय निघाला. कधी काळी सुलतानांची राजधानी, मग दिल्लीच्या बादशाचं दक्षिणेतलं ठाणं. ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती बेगम मेली ती तिथंच. आमच्याकडची जुनी माणसं त्याला 'राजधानीचं गाव' म्हणत. पूर्वी आम्ही आणि ते एकाच प्रांतात होतो, आता मधे नाका आला होता, पण खाणाऱ्यांची तोंडं काही दुसऱ्या राज्यात गेली म्हणून मिटत नाहीत, असं सासऱ्यांचं म्हणणं. अडचण फक्त नदीची होती. आता पूल झाला, म्हणजे पावसाळ्यातही रस्ता मोकळा.

तेवढ्यात कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला, "मंग मास्तर, पुलाले गाळे किती हायेत?"

पुलाच्या दोन खांबांमधली जी मोकळी जागा, जिच्याखालून पाणी जातं, तिला मिस्त्री लोक गाळा म्हणतात. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एकच गाळा माहीत होता. खामगावच्या बाजारात ओळीनं बांधलेले, एकात कापडवाला, एकात किराणावाला, एकात घड्याळं दुरुस्त करणारा, असे गाळे. पुलावर दुकानं असतात का, अशी शंका मला आली. पण लगेच वाटलं, राजधानीचं गाव आहे. तिथं नसतील तर कुठं असतील?

"बावीस," मी म्हणालो. बारा म्हटलं तर गावाला कमीपणा आला असता आणि चाळीस म्हटलं तर मलाच पटलं नसतं. "अकरा या बाजूले, अकरा त्या बाजूले."

मिस्त्रीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "दोन्ही बाजूले?"

"हाव. समोरासमोर."

"असं का," तो फार गोड आवाजात म्हणाला. "आन् भरलेले हायेत का समदे?"

"भरलेले हायेत. मी गेलो तवा दोन रिकामे होते."

हे दोन रिकामे गाळे मी का घातले, याचा विचार मी पुढं कितीतरी वर्षं केला आहे. सगळेच भरलेले म्हटलं तर ते ऐकीव वाटलं असतं. दोन रिकामे ठेवल्यानं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. चित्रात चिमणी काढली की झाड खरं वाटतं, तसं.

सासऱ्यांना ते इतकं खरं वाटलं की त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "रिकामे? कोन्या टोकाले?"

"गावाकडच्या."

"कोनाच्या ताब्यात हायेत?"

"म्युनिसिपालटीच्या. अर्ज करा लागते."

माझे वडील अभिमानानं फुलले होते. आपला मुलगा तोंड चालवतो आहे आणि तरीही काही सांडत नाही, हे त्यांना नवीन होतं. मिस्त्री तंबाखू तोंडात टाकत म्हणाला, "मास्तरची नजर बारीक हाय."

सासऱ्यांनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाले, "असं करू. सुपारी फोडाले घाई नाही. पयले मास्तरले संगं घेऊन त्यो गाळा पाहून येतो. बुधवारी जाऊ. आलो का बोलू सोयरीकीचं."

आता माझं लग्न बुऱ्हाणपूरच्या पुलावर, गावाकडच्या टोकाला, एका रिकाम्या गाळ्यात जाऊन बसलं होतं.

परत येताना वडील म्हणाले, "हे घर जमलं म्हून समज."  बुधवारच्या आधी एकट्यानं गुपचूप जाऊन पूल पाहून यावा, असा माझा बेत होता. पण नेमकी शाळेची तपासणी लागली आणि रजा मिळेना. बुधवारची रजा मात्र मोठ्या गुरुजींनी आपणहून दिली. सासऱ्यांनी त्यांना परस्पर निरोप पाठवला होता. मग उरला तो ताप. काखेत कांदा ठेवला की अंग तापतं, हे मला माझ्याच विद्यार्थ्यांनी शिकवलं होतं. बुधवारी पहाटेपासून मी काखेत कांदा धरून बसलो. ताप आला नाही. मोटार मात्र आली.

मोताळ्याच्या स्टँडवर सासरे आणि मिस्त्री आधीच उभे होते. मिस्त्री कशाला, असं मी विचारणार होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता. सासऱ्यांजवळ ओल्या पोत्यात गुंडाळलेले दोन गठ्ठे होते. एकात हिरव्या मिरच्या, दुसऱ्यात सांबाराच्या जुड्या. "रिकाम्या हातानं जागा पाहाले जाऊ नाही," ते म्हणाले.

गाडीत मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी दोनदा नाक वर करून हुंगलं. "कांदा कोनाजवळ हाय?"

"घरून निघताना भाजी चिरली होती," मी म्हणालो.

"पांढरा हाय. मागच्या हंगामातला. पानी जास्त देल्लं त्याले," असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. माझ्या काखेतला कांदा ज्या माणसानं वासावरून ओळखला, त्याच्यापुढं मी दोन आख्खे गाळे किती वेळ टिकवणार होतो?

मलकापूरला गाडी बदलली, पुढं आणखी एकदा बदलली. वाटेत मी हळूहळू माघार घ्यायचा प्रयत्न केला.

"काकाजी, आतां भरलेबी असतीन ते गाळे."

"असतीन तं असतीन. पाहू."

"म्युनिसिपालटीचं हापिस बंदबी असू शकते."

"बुधवार हाय आज."

पुढच्या बाकावरून मिस्त्री, मान न वळवता, म्हणाला, "मास्तर, गाळ्यायले दारं कशाचे हायेत? लाकडाचे का पत्र्याचे?"

"पत्र्याचे."

"वरतून खाली ओढते ते?"

"हाव."

"रंग कोन्ता देल्ला?"

"हिरवा."

"हिरवा बरा. मळत नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्याचे खांदे थोडे हलले. रस्ता खराब होता, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

खरी लाजेची गोष्ट पुढंच आहे. हिरव्या दारांपर्यंत येईतो ते गाळे मला दिसायला लागले होते. खोटं बोलताना पहिले दोन-तीन प्रश्न जड जातात. पुढं माणसाला नुसतं समोर दिसतं ते सांगायचं असतं. म्हणजे बुऱ्हाणपूर जवळ आलं तेव्हा मी, ज्यानं हा पूल मनातल्या मनात बांधला होता तोच मी, खिडकीतून मान काढून हिरवी दारं शोधत होतो. मनात म्हणत होतो, एखादं तरी दुकान असेलच की. एका दुकानावर सुद्धा मी निभावून नेलं असतं.

"पूल आला का सांगतो," मी सासऱ्यांना म्हणालो. "दुरूनच दिसते."

गाडी एका लांबलचक सरळ रस्त्यावर लागली. दोन्ही बाजूंनी वारा यायला लागला. खाली खूप खोलवर वाळू, मधे पाण्याची रुंद धार, धारेत म्हशी बसलेल्या. पलीकडच्या काठावर जुन्या किल्ल्याची विटांची भिंत उंच चढत गेलेली. मी हे सगळं पाहत होतो आणि पूल कधी येतो याची वाट पाहत होतो. गाडी गावात शिरली, थांबली, लोक उतरले.

"पूल?" सासऱ्यांनी विचारलं.

"इथून पुढं असन. टांगा करा लागन," मी म्हणालो, आणि खात्री करावी म्हणून कंडक्टरला माझ्या पाठ्यपुस्तकी हिंदीत विचारलं, "भाईसाहब, तापी नदी का नया पुल किस दिशा में है?"

कंडक्टरनं मला खालून वर पाहिलं. "तो अभी गाड़ी क्या तैर के आई, गुरुजी?"

आम्ही तिघं आल्या वाटेनं पुलाकडे परत चालत निघालो.  दोन्ही गठ्ठे मी उचलले होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी मला काहीतरी जड उचलणं भाग वाटलं.

पूल पाहण्यासारखा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. गावाकडच्या बाजूला सगळं जुनं, झिजलेलं, वाकलेलं. दरवाजे, भिंती, घाट. आणि त्या सगळ्यातून हा राखाडी सिमेंटचा सरळसोट पूल निघून थेट पलीकडच्या काठाला टेकलेला, पट्टीनं ओढलेल्या रेघेसारखा. त्यावरून बैलगाड्या, सायकली, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, सगळे निवांत चालले होते. आधी पाहिला असता तर मी त्याचं चांगलं वर्णन केलं असतं आणि त्यात एकही दुकान घालावं लागलं नसतं. कठडे दोन्ही बाजूंना होते. कठड्याला लागून वारा होता. बाकी काही नव्हतं.

मिस्त्री काठाच्या उतारावर चार पावलं खाली गेला आणि बोट करून मोठ्यानं मोजू लागला, "येक... दोन... तीन..." सगळे मोजून झाल्यावर तो वर आला. आकडा सांगत नाही. बावीस नव्हते.

"हे गाळे, मास्तर," तो म्हणाला. "दोन खांबायच्या मधातली जागा. म्या हे इचारले होते. आन् तुमी म्हनत होते ते खरं नाही. दोन नाही, समदेच रिकामे हायेत. खालून पानी जाते."

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"तवाच. मंग म्हटलं, पाया नसल्यावर मास्तर किती मजले चढवते ते तं पाहू. तुमी पत्र्याच्या दारापर्यंत नेलं. रंगबी देल्ला."

मी सासऱ्यांकडे वळलो. "काकाजी, मी पूल पाह्यलाच नव्हता."

ते नदीकडे पाहत होते. "मंग बुऱ्हाणपुरात काय पाह्यलं?"

"जिलबी."

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या झाडाला कीड लागलेली पाहून हलवतात. रागावले असते तर बरं झालं असतं. इतक्या लांब येऊन, आपल्या हातानं माल विकायच्या आशेनं आलेला तो माणूस कठड्याला टेकून उभा राहिला, आणि मला स्वच्छ दिसलं की हे तिसरं घर गेलं. क्रियापदानं गेलेलं घर, चहानं गेलेलं घर आणि आता पुलावरून गेलेलं.

मग त्यांनी वाकून गठ्ठ्याला हात लावला. "सांबार सुकून राह्यला," ते म्हणाले. पुलाच्या गावाकडच्या टोकाला, जिथं माणसं रस्त्याच्या कडेनं वळत होती तिथं, त्यांनी पोतं अंथरलं, मिरच्यांची रास केली, जुड्या ओळीनं मांडल्या आणि मांडी घालून बसले. "बसा मास्तर. आवाज द्या. इथले लोक हिंदी बोलते, आन् मले ते येत नाही. तुमाले येते म्हनता."

हिंदीची परीक्षा मी खरोखरच पास होतो. प्रायश्चित्ताची संधी मिळाल्याच्या आनंदात मी उभा राहिलो आणि शाळेत प्रार्थना सांगायच्या आवाजात ओरडलो, "सांबार लीजिए, सांबार! ताजा सांबार!"

दोन बाया थबकल्या, एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मी आवाज वाढवला. टोपी घातलेला एक गृहस्थ सायकलवरून उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "किधर का है?"

"मोताळा की ओर का."

"कब काटा?"

"आज ही सबेरे."

"कितना होगा?"

"पूरा गट्ठर है," मी उत्साहानं म्हणालो. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "धीरे बोलो, मियाँ. दिखाओ." मी ओल्या पोत्याचं टोक उचललं. त्यानं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे इतक्या दुःखानं आजवर कोणी पाहिलेलं नाही. "यह तो धनिया है," तो म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला.

मला काही उमगलं नाही. मी ओरडत राहिलो. थोड्या वेळानं खाकी कपड्यातला जंगल खात्याचा एक नाकेदार हातातली काठी आपटत आला. मागून चार रिकामटेकडे.

"साँभर बेचते हो? बीच बस्ती में, दिन दहाड़े?"

"जी हाँ," मी म्हणालो. "अभी ताजा है."

त्यानं काठी पोत्यात खुपसली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात सांभर म्हणजे शिंगं असलेलं मोठं हरीण, आणि मी गेला अर्धा तास राजधानीच्या रस्त्यावर त्याचं मांस विकतो आहे. मी घाईनं खुलासा करायला गेलो आणि तोंडातून बाहेर पडलं ते थेट पाठ्यपुस्तकातलं वाक्य, "महोदय, सांबार एक वनस्पति है. यह चलती नहीं."

चार रिकामटेकड्यांचे चाळीस झाले. नाकेदार जुड्या उलट्यापालट्या करून हरणाचा पाय शोधत होता, मी त्याला आमच्या बोलीतले शब्द समजावून सांगत होतो, लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून विचारत होते, 'क्या पकड़ा, क्या पकड़ा.' आणि माझ्या पायाशी मांडी घालून बसलेले सासरे, या सगळ्या गोंधळाकडे ढुंकूनही न पाहता, पुढं आलेल्या प्रत्येक हातात एक जुडी आणि मूठभर मिरच्या ठेवत होते. जमलेल्या माणसांना आता काहीतरी घेऊनच जाणं भाग होतं. नुसती फजिती पाहून रिकाम्या हातानं घरी जाणं त्या भल्या लोकांना बरं दिसेना. नाकेदाराची खात्री पटली तेव्हा पोतं जवळजवळ मोकळं झालं होतं. त्यानंही जाताना दोन जुड्या घेतल्या.

सासऱ्यांनी पोतं झटकलं, चौघडी केली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू वगैरे नव्हतं, पण मलकापूरहून परतताना असायची ती उदासीही नव्हती. मिस्त्री तोवर पुलाच्या एका खांबाला हात लावून आला होता. "रोहिनखेडच्या मशिदीच्या दगडायच्या सांध्यात सुई जात नाही," तो सांगत होता, "पन हे काम बी चांगलं हाय." परतीच्या वाटेवर हाच विषय पुरला. सोयरीक हा शब्द कोणी काढला नाही. मोताळ्याला उतरताना मी नमस्कार केला तर सासरे म्हणाले, "या मास्तर," आणि पोतं काखेत मारून चालू लागले. त्या 'या'मध्ये 'जा' किती आणि 'या' किती, हे मी रात्रंदिवस मोजत बसलो.

वडिलांना मी अर्धंच सांगितलं. पूल पाहिला, गाळे नव्हते. वडील माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "उरलेलं तो मिस्त्री सांगन." एवढं बोलून त्यांनी दुसरं काम हाती घेतलं. त्या आठ दिवसांत मी शाळेत मुलांना एकही प्रश्न विचारला नाही. उत्तरं ऐकायची भीती वाटत होती.

नवव्या दिवशी निरोप आला, दोघंही या. गेलो. तीच सतरंजी, तीच चार माणसं, आणि दाराआड घरातल्या बायका. मधे ताटात कुंकू होतं, सुपारी होती, पण अडकित्ता बाजूला पालथा पडलेला. सासऱ्यांनी, ज्या माणसाला मी आजवर सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं त्यांनी, सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. गाळे, हिरवी दारं, तरंगत आलेली मोटार, जिलबी, हरीण. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. दाराआडून बांगड्यांचा आणि दाबलेल्या हसण्याचा आवाज येत होता. मिस्त्रीचे डोळे वाहत होते. माझे वडील सतरंजीची वीण तपासत होते.

"गाळा काही भेटला नाही," शेवटी सासरे म्हणाले. "पन त्या दिवसानंतर म्या दोनदा जाऊन आलो. पुलाच्या टोकाले बसतो. माल जाते." त्यांनी सुपारीचं ताट पुढं ओढलं. "आतां सोयरीकीचं. हे माह्यानं ठरत नाही. खोटं बोलनाऱ्याले पोरगी देऊ नाही, असं आमच्या घरात म्हनते. म्हून म्या समदं पोरीले सांगतलं आन् तिच्यावर सोडलं. तिनं काय ठरवलं ते तिच्याच तोंडून आयका."

ती दारात आली. हसत नव्हती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्या वडिलांकडे पाहून (आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात), वांग्याच्या भाजीबद्दल सांगितलं होतं त्याच आवाजात, ती म्हणाली,

"मले चालते, मामाजी. खोटं बोलनाऱ्या मानसाचं मले भेव वाटते, पन यांचं खोटं पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंतबी पोचत नाही."